खालच्या मजल्यावरचं पातेलं

जुना फ्लॅट घेण्याआधी नळ आणि गिझर बघायला कोणी बोलावलं, की मी दोन तास मागून घेतो. एजंटला ते जड जातं. त्याच्या हिशेबात घर पंधरा मिनिटांत बघून होतं. पण पाण्याचं दुखणं पंधरा मिनिटांत बाहेर येत नाही.

हे मला उस्तादांनी शिकवलं. ते ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातले, पट्टामुंडईचे. त्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं नळकामासाठी देशभर जातात. जीआय पाइपच्या आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावायला मी पुण्यात त्यांच्याच हाताखाली शिकलो. पाना उचलण्याआधी ते पाइपवर नुसता तळवा ठेवून उभे राहत. किती वेळ, ते मोजायची माझी हिंमत नव्हती.

गेल्या वर्षी कोथरूडला एका नवरा-बायकोसाठी गेलो. इमारत चाळीस वर्षांची, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. रात्रीपासून नळ उघडू नका, असं मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी सातला स्वयंपाकघरातला नळ सोडून पहिलं पाणी पांढऱ्या मगात धरलं. चहासारखं आलं. जीआय पाइप आतून गंजतो आणि रात्रभर थांबलेलं पाणी तो गंज घेऊन येतं. दोन मिनिटांनी तेच पाणी स्वच्छ दिसतं. दुपारी घर बघणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

मग गिझर. 15 लिटरचा, 2000 वॉटचा. 25 अंशांचं पाणी 60 अंशांवर न्यायला त्याला साधारण 18 मिनिटं लागायला हवीत. मी बटण दाबून बाथरूममध्ये स्टुलावर बसलो. आतून तडतड ऐकू येऊ लागली आणि अकराव्या मिनिटाला दिवा विझला. बादलीत आलं ते कोमट पाणी. टँकर आणि बोअरच्या पाण्याचा क्षार कॉइलवर चढतो, थर्मोस्टॅटभोवतीही साठतो, आणि मग गिझर वेळेआधीच बंद होतो. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा दांडा असतो. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो. इथे तो खोलून पाहिला, तर नुसती तार उरली होती.

पण मला धास्ती वाटली ती सेफ्टी व्हॉल्वची. त्याचं तोंड कोणीतरी एम-सील लावून बुजवलं होतं. टपकतो म्हणून बुजवला असणार. अहो, तापताना त्याने थोडं टपकायलाच हवं! 15 लिटर पाणी तापलं की पाव लिटरभर फुगतं. मागे परतायला वाट नसेल, तर त्याने जायचं कुठे? गिझर त्याच क्षणी बंद करायला लावला. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर दिसला, तरी मी असाच हट्ट धरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घर घ्या, नका घेऊ, पण तो आधी बाहेर काढा.

भिंती नव्याने रंगवलेल्या होत्या, त्यामुळे ओल दिसेना. म्हणून खाली गेलो. खालच्या घराची बेल मी नेहमीच वाजवतो. एका आजींनी दार उघडलं.

“आजी, तुमच्या बाथरूमचं छत बघू का?”

“बघ की बाबा. तीन वर्षं तेच बघतेय मी.”

छताला पोपडे, खाली पातेलं. दिवसभर टपकतं की ठरावीक वेळी, असं विचारलं. “वरच्यांच्या आंघोळी झाल्या की,” त्या म्हणाल्या. त्या एका वाक्याने माझं निम्मं काम झालं. दाबाची लाइन गळत असती, तर टपकणं दिवसभर चालू राहिलं असतं. आंघोळीनंतरच टपकतं, म्हणजे सांडपाण्याकडे, बहुधा नहाणी ट्रॅपच्या सांध्याकडे बघायचं. वर जाऊन बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली, जाळीवर ओतली आणि खाली येऊन बसलो. आजींनी चहा केला. पाऊण तासाने पातेल्यात निळा थेंब पडला.

मालक आधी चिडले, मग ते पातेलं बघून गप्प झाले. घर घेऊ नका, असं मी त्या दोघांना सांगितलं नाही. घर हवेशीर होतं आणि दुरुस्ती होण्यासारखी होती. ट्रॅप, गिझर आणि सीपीव्हीसीची नवी लाइन, एवढा खर्च किमतीतून वजा करून सगळं कागदावर घ्या, म्हटलं. त्यांनी तसंच केलं.

काम मीच केलं. ट्रॅप बदलल्यावर जाळीला बूच मारून 24 तास बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवलं, मग बूच काढून ते सोडून दिलं आणि खाली गेलो. छत कोरडं होतं. मी पातेलं उचलायला वाकलो, तर आजींनी माझा हात धरला.

“राहू दे अजून आठ दिवस,” त्या म्हणाल्या.

मी ते होतं तिथेच ठेवलं.