पित्तनलिकेतील पाहुणा

आपल्या घरांतून ‘पित्त झाले’ हे शब्द वरचेवर कानांवर पडतात. जागरण झाले, उपवास लांबला, की पित्ताला दोष द्यावयाचा आणि आमसुलाचे सार घ्यावयाचे, ही आपली रीत. परंतु आज मी ज्या पित्ताविषयी आपल्याशी बोलणार आहे ते निराळे. ते यकृतात तयार होते आणि बारीक नळ्यांच्या वाटेने आतड्यात उतरते. या नळ्या म्हणजे पित्तनलिका. त्यांना होणारा कर्करोग एरवी विरळा. पाश्चात्त्य देशांत तो वर्षाकाठी लाखात एक-दोघांना होतो. मात्र थायलंडच्या ईशान्य भागात, ज्याला ईसान म्हणतात तेथे, तो गावोगाव ठाऊक आहे. खोन केन प्रांतात त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक नोंदले गेले आहे.

याचे मूळ ताटात आहे. ईसान हा भातशेतीचा, गरीब शेतकऱ्यांचा मुलूख. तळ्यातील लहान मासळी कच्चीच बारीक चिरावयाची, तीत लिंबाचा रस, मिरची आणि भाजलेल्या तांदळाचे पीठ घालावयाचे आणि चिकट भाताच्या घासाबरोबर खावयाची. या पदार्थाला ‘कोय प्ला’ म्हणतात. आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातीलच ही मासळी, आणि तिच्या मांसात एका चपट्या कृमीची पिल्ले डोळ्यांना न दिसता दडलेली असतात. माझा जन्म मासे खाणाऱ्या घरातला. त्यामुळे ताज्या मासळीचा मोह काय असतो हे मला कुणी सांगावयास नको. लिंबाने मासळी पांढरी पडते, शिजल्यासारखी दिसते, हेही खरे. पण त्या आंबटपणाने कृमी मरत नाही. त्याला चुलीवरची आचच लागते.

पोटात गेलेला हा पाहुणा पित्तनलिकेत शिरतो, तेथे सुमारे सेंटिमीटरभर लांबीचा होतो आणि दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ मुक्काम ठोकतो. यजमानाला बहुधा काही जाणवत नाही. कृमीची अंडी मैल्यावाटे बाहेर पडतात, पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात जातात, तेथील लहान गोगलगायी ती खातात, गोगलगायींतून निघालेली पिल्ले माशांत शिरतात. मांजरेही हे मासे खातात आणि कृमी बाळगतात. इकडे पित्तनलिकेचा दाह वर्षानुवर्षे चालू राहतो आणि दोन-तीन दशकांनी काही जणांना कर्करोग गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 साली या कृमीला कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले. कावीळ दिसू लागेपर्यंत रोग बहुधा फार पुढे गेलेला असतो. वेळीच शस्त्रक्रिया होणे हीच बरे होण्याची आशा.

खोन केन विद्यापीठातील यकृताचे शल्यचिकित्सक डॉ. नारोंग खुंतिकेओ यांचे आईवडील दोघेही याच रोगाने गेले. शस्त्रक्रियागृहात वाट पाहत बसण्यापेक्षा त्यांनी खेड्यांची वाट धरली, हे मला त्यांच्या शस्त्रक्रियांहूनही मोठे वाटते. 2013 पासून तेथे चाळीशी ओलांडलेल्या गावकऱ्यांची अल्ट्रासाउंडने तपासणी करण्याचा विस्तृत कार्यक्रम चालू झाला. यंत्रे गावात नेली, कारण दुखणे नसलेला शेतकरी शहरातील रुग्णालयात कशाला जाईल?

कृमीवर औषध आहे, प्राझिक्वांटेल. एका दिवसाच्या उपचाराने बहुतेक काम होते. पण येथेच मौज आहे. औषध आहे ना, मग खाण्यास हरकत काय, असा हिशेब पुष्कळांनी केला. गोळी घ्यावयाची आणि पुन्हा कोय प्लाच्या ताटावर बसावयाचे! केवळ गोळ्या वाटून भागणार नाही, हे म्हणूनच कळून आले. खोन केनजवळच्या लावा तळ्याकाठच्या गावांत 2007 च्या सुमारास संशोधकांनी तळे, मासे, गोगलगायी आणि माणसे यांचा एकत्रित विचार करून काम हाती घेतले. उपचार झाले, गावच्या आरोग्य स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन समजूत घातली, शाळांतून मुलांना कृमीचा प्रवास शिकविला. वृद्धांची जीभ वळविणे कठीण, मुलांची सोपे. प्रारंभी तेथील काही जातींच्या माशांत शेकडा 70 पर्यंत मासे कृमिग्रस्त आढळत. काही वर्षांत ते प्रमाण शेकडा एकापर्यंत उतरले. 2016 साली थायलंडच्या शासनाने साऱ्या देशासाठी दहा वर्षांचा कार्यक्रम आखला.

आपल्यापैकी जे उत्तर भारतात राहतात त्यांना एक शंका येईल. गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः स्त्रियांत, जो कर्करोग अधिक आढळतो तो पित्ताशयाचा, म्हणजे पित्त साठविणाऱ्या पिशवीचा. त्याच्याबरोबर बहुधा खडे सापडतात. ईसानचा हा कृमी त्यामागे नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

ईसानच्या कडेने मेकाँग नदी वाहते. पलीकडच्या काठावर लाओस देश आहे. तेथील भाषा ईसानच्या बोलीला अगदी जवळची, भात तसाच चिकट, मासळीही तशीच कच्ची खाल्ली जाते आणि कृमीही तोच. त्या काठावर बरेच काम व्हावयाचे आहे.