आय-94 वरची तारीख

नोटाबंदी होऊन जेमतेम महिना झाला होता. मंचरच्या कार्यालयात माझं लग्न, आणि आचाऱ्यापासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांना चेक देता देता माझ्या वडिलांची, आप्पांची दमछाक. तरी ते खुशीत होते. मुलगा ओतूरकडचा, इंजिनिअर, न्यू जर्सीत नोकरीला. आमच्या जुन्नर-आंबेगावात बारमाही बागायत असलेल्या पोरांनाही मुली मिळेनात अशी तेव्हापासूनच परिस्थिती, आणि अमेरिकेतलं स्थळ म्हटलं की पत्रिकासुद्धा कोणी धड बघत नव्हतं. मी एम.एस्सी. झालेली, तालुक्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते. राजीनामा द्यायचीही गरज पडली नाही. तासिकावाल्यांनी यायचं थांबवलं की झालं.

मार्च 2017 मध्ये गेले. पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता, एच-4. म्हणजे एच-1बी वर काम करणाऱ्याची बायको. व्हिसाच्या तळाशी त्याचं नाव छापलेलं होतं. पासपोर्ट माझा, फोटो माझा, आणि खाली नाव त्याचं. तेव्हा मला ते छानच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

एच-4 वाल्या बायकांपैकी काहींना 2015 पासून कामाचं कार्ड मिळतं, पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीनकार्डाची एक पायरी मंजूर झालेली लागते. त्याची ती फाईल हललेलीच नव्हती. काम नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. बँकेतलं खातं जोडीचं, विमा त्याच्या कंपनीचा, ड्रायव्हिंग लायसन्सची मुदतसुद्धा व्हिसाच्या कागदांवर. मी दोन वर्षं पोळ्या केल्या, शेजारच्या मुलांना गणित शिकवलं, तेही फुकट. पैसे घेतले असते तर ते बेकायदा काम ठरलं असतं.

संसार का मोडला ते इथे लिहीत नाही. दोघांचे आईवडील हयात आहेत आणि तालुके लागून आहेत. मारहाण नव्हती, एवढं सांगते. 2019 च्या उन्हाळ्यात तो मित्राकडे राहायला गेला आणि मग वकिलाचं पाकीट आलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मॅरेज सर्टिफिकेट शोधायला मी त्याचा ड्रॉवर उघडला. निळी प्लास्टिकची फाईल. त्यात त्याच्या व्हिसाच्या मुदतवाढीचं मंजुरीपत्र होतं, नवीन, 2022 पर्यंतचं. मी माझं शोधायला लागले. फाईल जमिनीवर पालथी केली. लाइट बिलं, भाड्याचा करार, त्याच्या पगाराच्या स्लिपा. माझं काहीच नाही. मग लॅपटॉपवर पासपोर्ट नंबर टाकून माझं आय-94 काढलं. देशात किती तारखेपर्यंत राहता येतं ते सांगणारा हा एक पानी कागद. शिक्क्यांपेक्षा, व्हिसापेक्षा त्यालाच महत्त्व. त्यावर लिहिलं होतं 30 सप्टेंबर 2019. हातात सहा आठवडे.

मी समजत होते की त्याची मुदत वाढली की माझी आपोआप वाढते. वाढत नाही. बायकोसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्याला त्याचं मंजुरीपत्र, त्याच्या पगाराच्या स्लिपा जोडाव्या लागतात. त्याने स्वतःचं करून घेतलं होतं. माझं मुद्दाम राहू दिलं की विसरला, हे मी आजही सांगू शकत नाही. कागदाला त्याने काही फरक पडत नव्हता.

न्यू जर्सीत 1985 पासून 'मानवी' ही आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियाई बायकांसाठीची संस्था आहे. मला तिचं नाव फार उशिरा कळलं. मी ओळखीतून एका वकीलबाईंकडे गेले. त्या गुजराती, हिंदीत बोलायच्या. म्हणाल्या, "बेटा, नवरा वेगळा राहतो म्हणून एच-4 जात नाही. घटस्फोटाचा हुकूम ज्या दिवशी निघतो, त्या दिवशी जातो. पण तुझी तारीख त्याच्याआधी येते." स्टुडंट व्हिसा करून घे म्हणाल्या, पण फी ऐकून मी तो विषय तिथेच सोडला. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असता आणि छळ असता, तर त्याच्याशिवाय स्वतःचा अर्ज करायची सोय कायद्यात आहे. एच-1बी वाल्याच्या बायकोला ती नाही. छळ सिद्ध झाला तर फार तर कामाचा परवाना मिळू शकतो. आणि मुदत संपल्यावर 180 दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त राहून सोडला तर दहा वर्षं पुन्हा प्रवेश बंद.

पुढे वाचनात आलं की जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाला असेल तर मोडल्यावर बायकोला तिचा स्वतःचा राहण्याचा परवाना मिळू शकतो. संसार मोडला म्हणजे मुक्कामही मोडलाच पाहिजे, असा काही सृष्टीचा नियम नाही. तो त्या-त्या देशाने करून ठेवलेला नियम असतो.

27 सप्टेंबरला पहाटे मुंबईत उतरले. आप्पा चुलतभावाला घेऊन त्याच्या गाडीतून आले होते. माळशेज घाटातून आलो. पाऊस अजून गेला नव्हता, घाटात धुकं. माळशेजवरून मंचरला यायचं म्हणजे वाटेत ओतूर लागतंच, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. स्टँडच्या पुढे तो फाटा दिसला, जिथून लग्नानंतर वरात आत वळली होती. आप्पा खिडकीतून दुसरीकडे बघत होते. भाऊ म्हणाला, "चहा घेऊ का?" आप्पा म्हणाले, "नारायणगावला." बस, एवढंच.

मी तिथल्या कोर्टात हजर झाले नव्हते, वकीलपत्रही दिलं नव्हतं. 2020 मध्ये ई-मेलने हुकूम आला, पटत नाही या कारणावरून घटस्फोट मंजूर. मंचरच्या वकिलांनी तो वाचून चष्मा काढला. म्हणाले, "ताई, हे तिकडं चालतं, इकडं नाही." हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावरून, आणि दुसरा पक्ष हजर नसताना दिलेला परदेशी हुकूम इथे बांधील नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या खटल्यात सांगून ठेवलेलं आहे. म्हणजे न्यू जर्सीत मी घटस्फोटित आणि मंचरला सौभाग्यवती. आजूबाजूच्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही या विचारात पडायच्या, त्यांचंही काही चुकत नव्हतं.

2021 च्या दिवाळीनंतर ओतूरची माणसं आमच्या ओट्यावर आली. सासरे, त्यांचे थोरले भाऊ आणि मध्यस्थ म्हणून एक सरपंच. मुलाचं दुसरं जमत होतं आणि मुलीकडच्यांनी इथल्या कोर्टाचा कागद मागितला होता. कांद्याच्या बराखीजवळ खुर्च्या टाकल्या. परस्परसंमतीने मोकळं होऊ, म्हणाले, फक्त सही लागेल. आप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी आतून यादी आणली, आदल्या रात्रीच लिहून ठेवली होती. आईने घातलेले सात तोळे, माझी पदवीची मूळ प्रमाणपत्रं जी त्याच्याकडेच राहिली होती, आणि विमानाच्या तिकिटाचे पैसे. सासरे मान खाली घालून म्हणाले, "देऊ, सूनबाई." सगळं आल्यावर सही केली, आधी नाही. दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत होतो, म्हणून सहा महिने थांबायची अटही कोर्टाने माफ केली. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये तशी वाट करून दिलेली आहे. तो व्हिडिओवरून हजर राहिला. 2022 मध्ये हुकूम हातात आला. तो लावून पासपोर्ट बदलून घेतला, शेवटच्या पानावर आता आईवडिलांची नावं आहेत, पतीच्या जागी काही नाही.

मी पुन्हा तासिका तत्त्वावर शिकवते. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी सध्या नवऱ्याबरोबर परदेशात आहेत, एक टेक्ससला, एक लंडनजवळ. दोघींचेही संसार सुखाचे आहेत. तरी फोन आला की ठेवण्याआधी मी त्यांना त्यांच्या परवान्यावरची तारीख मोठ्याने वाचून दाखवायला लावते. टेक्ससवालीची पुढच्या जूनपर्यंत आहे.