जहाजावरचा आबदार

सागरी सहलींची रंगीत पुस्तके आता पणजी, बेळगाव, इंदूर, बडोदे अशा गावांतील प्रवासकंपन्यांच्या टेबलांवरही दिसू लागली आहेत. मुले परदेशी स्थिरावली, की आईवडिलांना अशी एखादी सहल घडविण्याची त्यांना हौस वाटते, आणि हौसेला मोल नसते. या पुस्तकांच्या अखेरच्या पानांवर ‘सूट’ नामक महागड्या दालनांची चित्रे असतात आणि चित्रांखाली एक ओळ हमखास असते : दिमतीला बटलर. ती ओळ वाचून आपल्यासारख्या मध्यमवर्गीय मराठी मनात दोन भाव एकदमच उठतात. एक, आपणही एकदा सरदारासारखे राहून पाहावे. आणि दुसरा, त्या माणसाला आपण काम तरी काय सांगायचे? २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्हां उभयतांना भूमध्य समुद्रातील सात रात्रींचा प्रवास घडला, तो मुलाच्या आग्रहाने अशाच दालनातून. साध्या सज्जाच्या खोलीपेक्षा त्याचे भाडे दुपटीहून थोडे अधिक होते. तेव्हा या प्रश्नाचा विचार आम्ही पदरच्या नव्हे, तरी मुलाच्या पैशाने केलेला आहे.

प्रथम शब्दाविषयी दोन शब्द. मराठीच्या मास्तराला तेवढी मुभा असावी. बटलर हा मूळचा फ्रेंचांचा बाटल्या सांभाळणारा माणूस. मद्याची कोठी त्याच्या ताब्यात असे आणि म्हणून सारे घरच हळूहळू त्याच्या ताब्यात आले. आपल्याकडे याचा सख्खा भाऊ शोभावा असा आबदार होता. शिवकालीन अठरा कारखान्यांत आबदारखाना हे एक स्वतंत्र खाते होते, आणि पिण्याचे पाणी विश्वासाच्या माणसाच्याच हातचे असावे, ही राजाची निकड त्यामागे होती. हुजऱ्या आणि खिदमतगार हे त्याहून सामान्य. सांगायचे एवढेच, की ज्याच्या हातचे आपण पितो त्याच्यावर आपला भरवसा असतो, ही गोष्ट या पेशाच्या मुळाशीच आहे.

जहाजावरील बटलर नेमके करतो काय? पहिल्या दिवशी आपण म्हटले तर पेट्या उघडून कपडे कपाटात लावतो, अखेरच्या दिवशी पुन्हा भरून देतो. काही कपड्यांना इस्त्री करवून आणतो, जोड्यांना पॉलिश करवितो, सकाळची न्याहारी खोलीत नीट मांडून वाढतो, दुपारी चहाबरोबर चटकमटक आणून देतो, रात्रीच्या भोजनाची मेजे राखून ठेवतो, आणि बंदरावर उतरताना रांग टाळून आपल्याला पुढे नेतो. खोली झाडण्यापुसण्याचे काम त्याचे नव्हे, ते दुसऱ्याचे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तो आपल्या एकट्याचा नसतो. आमच्या माणसाकडे चौदा दालने होती. ‘दिमतीला’ या शब्दाचा अर्थ चौदाने भागून घ्यावा, म्हणजे निराशा होत नाही.

कंपन्यांच्या तऱ्हाही निरनिराळ्या आहेत. सिल्व्हरसीच्या जहाजांवर प्रत्येकच दालनाला बटलर असतो. क्यूनार्डच्या ‘क्वीन मेरी २’ या २००४ साली सेवेत आलेल्या जहाजावर तो केवळ ‘क्वीन्स ग्रिल’ या सर्वोच्च श्रेणीला मिळतो. एमएससी कंपनीने २००८ पासून ‘यॉट क्लब’ म्हणून जहाजाच्या आत जणू दुसरे छोटे जहाजच उभारले, आणि तेथे बटलर चोवीस तास हाकेला असतो. आता, ‘क्वीन मेरी २’ वरून साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क असा सात रात्रींचा प्रवास करणाऱ्याला मध्ये एकही बंदर लागत नाही. सभोवार अटलांटिकचे पाणी आणि दिवसभर खोली. तेथे या सेवेला अर्थ आहे. आमचा मार्ग मात्र बार्सिलोना, पाल्मा, नेपल्स, चिव्हिताव्हेक्किया, जिनोव्हा, मार्सेय आणि पुन्हा बार्सिलोना असा होता, आणि त्यात समुद्रावरचा पूर्ण दिवस एकच. सकाळी साताला जहाज धक्क्याला लागायचे, आठाला आम्ही बाहेर, सायंकाळी पाय ओढीत परत. ज्या माणसाचे मोल मोजले, त्याला भेटायलाच वेळ नाही!

शिवाय एक विशेष सवलत अशी सांगितलेली असते, की जहाज खोल पाण्यात नांगरून लहान बोटींनी किनाऱ्यावर न्यायचे असेल, तेव्हा आपला क्रमांक पहिला. सँटोरिनीसारख्या बेटांपाशी या सवलतीला सोन्याचे मोल आहे. आमच्या वाटेवरील पाचही बंदरांत जहाज थेट धक्क्याला लागले. म्हणजे ती सवलत पुस्तकातच राहिली. मार्गावर धक्के किती आणि नांगरण्याच्या जागा किती, हे आधी पाहण्याची बुद्धी आपल्याला सुचत नाही आणि विकणारा ती सुचवीत नाही.

एवढा हिशेब मांडून आम्ही ‘नको’ असा निकाल द्यायला मोकळे होतो. पण दोन गोष्टी आड आल्या.

पहिली, सौ.चा उजवा गुडघा. शस्त्रक्रियेला जेमतेम आठ महिने झाले होते. चालणे जमत होते, तिष्ठत उभे राहणे जमत नव्हते. हजारो माणसांच्या जहाजावर रांग हीच खरी शिक्षा असते. त्या माणसाने पहिल्याच दिवशी तिची चाल पाहिली आणि काही न विचारता न्हाणीघरात बसायचे स्टूल आणून ठेवले. नेपल्सला जहाजातर्फे मिळणारी महागडी मोटार आम्ही ठरवू पाहत होतो, तर त्याने हळूच सांगितले, की तेथे धक्का शहराच्या कुशीतच आहे, कास्तेल नुओव्होचे बुरूज समोरच दिसतात, मोटारीचे पैसे वाया घालवू नका. त्याऐवजी चिव्हिताव्हेक्कियाला खर्च करा, कारण रोम तेथून सत्तर किलोमीटरांहून दूर आहे आणि आगगाडीच्या स्थानकापर्यंतची पायपीट मॅडमना झेपणार नाही. सल्ला अक्षरशः खरा ठरला. नेपल्सच्या धक्क्यावरून आम्ही रमतगमत चाललो, दर शंभर पावलांवर बसलो, आणि डावीउजवीकडे कोठेही पाहिले तरी व्हेसुव्हियस पाठ सोडीना. १२८१ मीटर म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या गडांच्या उंचीचा तो डोंगर, पण समुद्रातून उभाच्या उभा उठल्यामुळे तो घराच्या गच्चीवर उभा राहिल्यासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट भाषेची. तिसऱ्या दिवशी, त्या एकुलत्या समुद्रावरच्या दिवशी, आम्ही दोघे आपसांत बोलत होतो. चहाचे तबक ठेवता ठेवता तो थबकला आणि विचारता झाला, “तुमी गोंयचे?”

सासष्टीचा माणूस. वय अडतीस. पुढे इंग्रजी संपली. सौ.ने त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही. बसण्याची परवानगी नाही, आणि तिथे कोणी पाहत नसले तरी नाही, हे त्याने हसून सांगितले. त्याचे वडील याच पेशात होते, आजोबाही. कोंकणीत यांना तारवटी म्हणतात. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर भोजनगृह आणि स्वयंपाकघर सांभाळायला गोमंतकीय ख्रिस्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात. आपल्या हिंदू घरांत समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जात होते, त्या काळात शेजारच्या वाड्यावरचा माणूस मात्र लंडन, मोंबासा, सिडनी करून येत होता, आणि त्याने आणलेल्या पैशावर गावची घरे कौलारू होत होती. बोट मिळेपर्यंत ही माणसे मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’त राहत. एक मोठी खोली, भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, एका टोकाला देव्हारा, आणि संध्याकाळी सर्वांची मिळून प्रार्थना. याचे आजोबा अशाच एका कुडात चार महिने बोटीची वाट पाहत पडून होते, असे त्याने वडिलांकडून ऐकलेले.

आम्हांला ‘कोंकण शक्ती’ आठवली. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून पणजीला यायचो, तेव्हा वडील हमालाला आधी पुढे धाडून डेकवर सतरंजी पसरून जागा धरीत. सेवा म्हणजे तेवढीच. त्या डेकवरचे आम्ही आज दालनात, आणि ज्याच्या घराण्याने तीन पिढ्या साहेबांच्या जहाजावर पाणी वाढले तो आमच्यापुढे उभा. अवघडलेपण आमचे होते, त्याचे नव्हते. तो आपले काम उत्तम जाणत होता आणि ते जाणतो याचा त्याला अभिमान होता.

त्या दिवसापासून आले घालून उकळलेला चहा येऊ लागला. जहाजावरचा चहा म्हणजे कोमट पाण्यात दोऱ्याला लटकलेली पुडी. हा मात्र खाली खलाशांच्या भोजनगृहात भारतीय मंडळींसाठी होणारा. सोमवारी सौ.चा शाकाहार असतो हे कळल्यावर त्याने वरण-भात आणवला. पुस्तकातल्या सेवांच्या यादीत यातले काहीच नव्हते.

कामाचे तास विचारले. जगभरच्या दर्यावर्दींसाठी २००६ साली झालेला सागरी कामगार करार २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आहे; भारतानेही तो २०१५ साली स्वीकारला. त्यातील विश्रांतीचा नियम असा, की चोवीस तासांत निदान १० तास आणि सात दिवसांत निदान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. आठवड्याचे तास १६८. वजाबाकी आमच्या शाळेतील पाचवीचा मुलगाही करील. सुट्टीचा वार असा नाही. करार सात महिन्यांचा, नोव्हेंबरात संपणारा. धाकटी मुलगी जन्मली तेव्हा तो अलास्कात होता. हे सारे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. आम्ही विचारले म्हणून सांगितले, आणि दुसऱ्या दालनाची घंटा वाजताच निघून गेला.

बक्षिसीचा प्रश्न आपल्या लोकांना फार छळतो, म्हणून स्पष्ट लिहितो. बहुतेक जहाजांवर दररोज माणशी सेवाशुल्क बिलात आपोआप चढते आणि दालनवाल्यांना ते साध्या खोलीपेक्षा जास्त असते. तिकिटात ते आधीच धरले आहे की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. बटलरला वर काही द्यायचे ते आपल्या खुशीचे. पण त्या खुशीवर त्याच्या घरचे गणित काही अंशी उभे असते, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे पाकिटात एकावन्न घालून मोकळे होण्याची रीत आहे. ती येथे शोभत नाही. ज्यांना ही वरची रक्कम जड वाटेल, त्यांनी दालनच घेऊ नये. सज्जाची साधी खोली घ्यावी, समुद्र तोच दिसतो.

जिनोव्हाला पहाटे सज्जात बसून आम्ही तो आल्याचा चहा घेतला, तेव्हा धुक्यातून तेथला जुना दीपस्तंभ, १५४३ साली बांधलेला लांतेर्ना, हळूहळू उलगडत होता. समोरच्या टेकडीवर घरांच्या ओळी, खाली क्रेनची जंगले. सौ. म्हणाली, मुरगावला बाहेरून येणाऱ्यांना असेच दिसत असेल. मागे तबक उचलीत असलेला तो म्हणाला, मुरगावला यंदा डिसेंबरात आपण खलाशी म्हणून नव्हे, दाबोळीच्या वाटेने घरी जाताना टॅक्सीतूनच पाहीन.

बार्सिलोनाला उतरण्याच्या सकाळी साऱ्या मजल्यांवर पेट्यांचे डोंगर आणि माणसांचे लोंढे होते. तो साडेसातला आला, सौ.ला हात दिला, खलाशांच्या वापरातल्या उद्‌वाहनाने थेट खाली नेले, खुर्ची मिळवून दिली आणि आमच्या पेट्या डोळ्यांसमोर मोटारीत चढविल्या. एकूण बावीस मिनिटे. सात दिवसांच्या भाड्यातील अर्धा वाढावा आमच्या मते त्या बावीस मिनिटांत वसूल झाला. उरलेला अर्धा मुलाच्या खात्यावर. ज्यांचे गुडघे धड आहेत आणि ज्यांना रोज नवे बंदर पाहायचे आहे, त्यांनी ते पैसे साठवून दुसरी सहल करावी. सौ.चे मत विचारले, तर ती म्हणाली, पुढच्या खेपेला साधी खोली पुरे, फक्त चहाची पूड आणि आले आपण घरून नेऊ. मग त्याच्या मुलींसाठी घेतलेली मार्सेयच्या साबणाची वडी पिशवीतच राहिली, हे तिच्या ध्यानात आले आणि ती मोटार थांबवायला सांगू लागली. पण तोवर तो पुढच्या चौदा दालनांची यादी घेऊन वर गेला होता. ती वडी आम्ही जूनमध्ये मडगावच्या बाजारादिवशी त्याच्या घरी पोचती केली.