कुंडलिकेचें उसनें पाणी

पेण आणि रोहें हीं गांवें मुंबईहून कोंकणांत उतरणाऱ्या प्रवाशास बहुधा वाटेवरचीं म्हणूनच ठाऊक असतात. पेणचे गणपति व पापड, आणि कोंकण रेल्वेचा जेथून आरंभ होतो तें रोह्याचें स्टेशन, एवढ्यावर पुष्कळांची ओळख संपते. परंतु या दोन तालुक्यांच्या पाण्याची हकीकत मोठी बोधप्रद असून प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें ती समजून घ्यावी अशी आहे.

वैशाखांत कोंकणांतील नद्यांचें रूप पाहवत नाहीं. आषाढांत दोन्ही तीर बुडवून धांवणारी नदी तेव्हां नुसत्या धोंड्यांची रांग होऊन राहते. कोलाडजवळ कुंडलिका पाहिली म्हणजे मात्र नवल वाटतें. ऐन उन्हाळ्यांतही तिला पाणी असतें. इतकेंच नव्हे, तर तें दिवसांतून चढतें आणि उतरतें. रबरी होड्यांतून जाणारी हौशी मंडळी साजे गांवाजवळ त्याची वाट पाहत बसलेली असते. समुद्राच्या भरतीशीं या चढउताराचा कांहीं संबंध नाहीं. विजेची गरज लागली कीं येथें नदी भरते!

याचें कारण सह्याद्रीच्या पलीकडे आहे. मुळा ही वास्तविक पूर्ववाहिनी नदी. तिचें पाणी भीमेंतून कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरास जावयाचें. मुळशी येथें टाटांनीं तिला धरण बांधलें आणि तें पाणी डोंगराच्या पोटांतून पश्चिमेस वळविलें. कड्यावरून नळांवाटे सुमारें ५०० मीटर खालीं येऊन तें भिरा येथील चक्रें फिरवितें. १९२७ सालीं सुरू झालेलें हें वीजघर आजही चालूं आहे. जुन्या संचांच्या १५० मेगावॅटला पुढें तितक्याच शक्तीच्या आणखी एका संचाची जोड मिळाली. खालीं उतरलेल्या पाण्यावर सरकारचें ८० मेगावॅटचें दुसरें वीजघर चालतें. पुढें डोलवहालच्या बंधाऱ्यावरून निघालेले कालवे रोहें व माणगांव तालुक्यांतील शेतें भिजवितात, आणि रोह्याचे नळ व धाटावचे रासायनिक कारखानेही याच नदीवर विसंबून आहेत.

हें पाणी कोणाच्या तरी घरादारावरून आलेलें आहे, हें विसरतां कामा नये. १९२१ च्या रामनवमीस मुळशीच्या मावळ्यांनीं ‘जान किंवा जमीन’ अशी प्रतिज्ञा करून सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. लढा तीन वर्षांवर चालला. परंतु धरण झालें आणि शेतें बुडालीं.

अमेरिकेंत सरोवरांच्या कांठीं अणुशक्तीचीं वीजकेंद्रें आहेत. त्यांना प्रथम ४० वर्षांचा परवाना मिळतो व नंतर २० वर्षांची मुदतवाढ मागतां येते. ती देण्यापूर्वीं यंत्रांचें वय तर तपासतातच, पण सरोवरांत सोडलेल्या ऊन पाण्याचा मासळीवर काय परिणाम होईल याचाही विचार होतो, आणि लोकांना आपलें म्हणणें मांडतां येतें. तेथील धरणांवरच्या वीजघरांनाही मुदत संपली म्हणजे पुन्हा परवाना घ्यावा लागून नदीच्या हिताच्या नव्या अटी पत्कराव्या लागतात.

भिऱ्याच्या वीजघरास २०२७ सालीं शंभर वर्षें पुरीं होतील. १९७६ च्या कृष्णा पाणीवाटप निवाड्यानें टाटांच्या सर्व धरणांतून मिळून वर्षाला फार तर ५४.५ अब्ज घनफूट, आणि पांच वर्षांत २१२ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेस नेण्याची मर्यादा घातली आहे. तें पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमेच्या दुष्काळी खोऱ्यांत सोडावें, अशी मागणी घांटावरून कित्येक वर्षें होत आहे. सोलापूरकडील शेतकऱ्याची तहान खरी आहे. ती मागणी अन्यायाची आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण शंभर वर्षांत कुंडलिकेचें सारें खोरें या उसन्या पाण्यावर वाढलें, हेंही तितकेंच खरें. तें एकाएकीं तुटलें तर कालवे कोरडे पडतील. शिवाय प्रदूषित नदीपट्ट्यांच्या सरकारी यादींत कुंडलिकेचें नांव आधींच आलेलें आहे. वरचा प्रवाह आटल्यावर कारखान्यांचें सांडपाणी पातळ करावयास कांहींच उरणार नाहीं. त्याचा पहिला फटका रेवदंड्यापर्यंतच्या खाडींत जाळें टाकणाऱ्या कोळ्यांना बसेल.

या बाबतींत पेणचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. पेण तालुक्यांतील हेटवणे धरणाचें पाणी सिडकोच्या नव्या वसाहतींस जातें, आणि त्याच तालुक्याच्या खारेपाटांत बायकांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागत आली आहे. पाणी ज्यांच्या दारांत सांठतें त्यांचें तें होतेंच असें नाहीं. करारांत ज्याचें नांव आधीं लागतें त्याचें तें होतें.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, भिऱ्याची चक्रें पुढें चालवावयाचीं असोत वा पाणी मागें फिरवावयाचें असो, निर्णय केवळ यंत्रांची शक्ति आणि विजेचा दर पाहून होऊं नये. मुळशीच्या विस्थापितांच्या वंशजांना आणि रोह्याच्या शेतकऱ्यांना व कोळ्यांना आधीं विचारावें. कुंडलिकेस रोज निदान किती पाणी मिळालेंच पाहिजे हें करारांत आंकड्यानें लिहावें. तें डोलवहालच्या बंधाऱ्यावर मोजावें. आणि रोह्याच्या बाजारांत कोणासही वाचतां येईल अशा फळ्यावर रोजच्या रोज मांडावें.