फोटोचा मुहूर्त

साखरपुड्याचा मुहूर्त पंचांगात सापडतो. फोटोचा मात्र सूर्यनारायणालाच विचारावा! पुतणीसाठी नाशकात जागा पाहत हिंडलो, तेव्हा हे पटले. द्राक्षमळा हवा तर पौष-माघ बरा; चैत्रातल्या छाटणीनंतर मांडवावर नुसत्या काड्या उरतात. पांडवलेणी डोंगराच्या उत्तर अंगाला, म्हणून ऊन कमी. पण पायऱ्या सुमारे दोनशे, आणि आमच्या आईचे गुडघे ऐंशी वर्षांचे! अखेर गोदाकाठ ठरला. भर दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात. सूर्योदयानंतरच्या तासात ऊन तिरपे नि कोवळे असते. रामकुंडावर गर्दीही वाढलेली नसते. पुतणी म्हणाली, ''फोटोत आजी हवीच.'' मग वाचकहो, पहाटे उठणाऱ्या आजीला याहून सोयीची वेळ कोणती?