सही आहे बॉस, पण कुणाची?

चिंचवडमध्ये राहून नोकरी करणाऱ्याच्या डोक्याला दोन ताप रोजचे. एक हायवेचं ट्रॅफिक आणि दुसरा इनबॉक्समधली पीडीएफ. ट्रॅफिकवर आपला इलाज नाही. पीडीएफचं म्हणाल तर, "सही करून, फोटो लावून आजच परत पाठवा" असा मेल येतो आणि घरात प्रिंटर नसतो!

पूर्वी अशा वेळी पेन ड्राइव्ह खिशात टाकून चापेकर चौक नाहीतर स्टेशनजवळचं झेरॉक्सचं दुकान गाठायचं. 'दादा, दोन प्रिंट द्या', उभ्या उभ्या सही, पुन्हा स्कॅन. आता कोऱ्या कागदावर एक झकास सही करायची, मोबाइलवर फोटो काढायचा आणि आयलव्हपीडीएफ, स्मॉलपीडीएफ, सेजदा अशा एखाद्या साइटवर फाइल चढवून ती सही ओढत नेऊन जागेवर ठेवायची. दोन मिनिटं, शून्य रुपये. फ्रीलान्सिंग करत असल्यामुळे माझी बिलं, करार सगळं असंच जातं. सही आहे ना?

आहे, पण जरा थांबा.

पीडीएफ ही अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेली चीज. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, पान जसंच्या तसं दिसलं पाहिजे, हा त्यामागचा हट्ट. २००८ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आता जी गोष्ट मुळात बदलू नये म्हणून बनवली, तिच्यात फोटो घालताना काय होतं? तो खालच्या मजकुरात मिसळत नाही, वर चिकटतो. बसच्या काचेवर स्टिकर लावावं तसा. खालचं सगळं शाबूत!

म्हणूनच आधार नंबरवर काळा चौकोन टाकून 'झाकला बाबा' म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते. चौकोनाखालची अक्षरं बऱ्याचदा सिलेक्ट करून कॉपी करता येतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्टच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदांत हेच झालं. काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी आरामात वाचला. आधारचं म्हणाल तर यूआयडीएआयच्या साइटवर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार फुकट मिळतं. ते द्यावं.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, मला चाकणच्या मित्राकडून कळली. तो गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट रिजेक्ट झाला की त्याचे फोटो काढायचे, बर कुठे आहे, क्रॅक कुठे आहे ते गोल करून दाखवायचं आणि कस्टमरच्या पीडीएफ फॉरमॅटमध्ये टाकून पाठवायचं. कधी कधी सोबत पार्टचं ड्रॉइंगही. हे सगळं तो फुकट साइटवर करायचा.

"अरे, त्या ड्रॉइंगवर गोपनीय असं छापलेलं असतं ना?" मी विचारलं.

"असतं की. पण सहा वाजता रिपोर्ट हवा असतो गं. आयटीवाल्याला सांगितलं तर तो उद्या उगवतो!"

आता यात कुणाला दोष द्यायचा? माझं मत विचाराल तर कंपनीला. गुप्ततेच्या करारावर सह्या घ्यायच्या, पण साधं सॉफ्टवेअर द्यायचं नाही, हे कसं चालेल? उद्या ते ड्रॉइंग बाहेर फुटलं तर नोकरी कुणाची जाईल, हे सांगायला नको.

फाइल चढवली म्हणजे ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेली. नावाजलेल्या साइट एक-दोन तासांत फाइल पुसतो असं सांगतात. पण सर्चमध्ये वर दिसणारी प्रत्येक साइट नावाजलेली नसते. मार्च २०२५ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर ऑफिसने इशारा दिला होता की फाइल बदलून देणाऱ्या काही बोगस साइट काम करून देतातही, पण सोबत व्हायरसही देतात आणि फाइलमधली माहितीही उचलतात.

मित्राने आता लिब्रेऑफिस घेतलंय. तेही फुकटच! त्याच्या ड्रॉमध्ये पीडीएफ उघडते, फोटो घालता येतो आणि फाइल मशीनबाहेर जात नाही. फॉन्ट कधी कधी इकडेतिकडे होतात, तेवढं बघून घ्यायचं. नुसती सही हवी तर अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या फुकट आवृत्तीत सोय आहे आणि मॅकवाल्यांकडे प्रिव्ह्यू आहेच.

फाइल जड होते ही अजून एक रड. मोबाइलचा चार एमबीचा फोटो पानावर तुम्ही स्टॅम्पएवढा केलात तरी वजन बऱ्याचदा चार एमबीच राहतं. दिसायला बारीक, अंगाने तेवढाच! म्हणून फोटो आधी लहान करा, मग चिकटवा. बँकांच्या परीक्षांचे फॉर्म भरणाऱ्यांना हे सांगायला नको. २० ते ५० केबीत फोटो आणि १० ते २० केबीत सही बसवताना त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो.

आणि हो, सहीचा फोटो म्हणजे डिजिटल सही नव्हे. २००० च्या आयटी कायद्यातली डिजिटल सही हे गणिती कुलूप आहे. नंतर एक अक्षर जरी बदललं तरी ते कळतं. चित्रातल्या सहीला तसलं काही कळत नाही. उलट पीडीएफमधली चित्रं सुटी काढून देणाऱ्या साइटही फुकट आहेत! म्हणजे तुमची छान, पांढऱ्या पार्श्वभूमीवरची सही उचलून कुणी दुसऱ्या कागदावर ठेवली तर? घरभाड्याच्या ऑनलाइन अ‍ॅग्रीमेंटला एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन दारात येतो, ते उगाच नाही.

माझी आई झेरॉक्सवर सही करताना ती अर्धी छापील मजकुरावर येईल अशी करते आणि बाजूला तारीख घालून 'फक्त गॅस कनेक्शनसाठी' असं तिरकं लिहिते. मीही आता कागदावर सही करताना शेजारी तारीख आणि कामाचं नाव लिहिते आणि फोटो त्या सगळ्याचा मिळून काढते. बिलावर ते जरा गिचमिड दिसतं. एका क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांनी तर फोन करून विचारलं, "मॅडम, साधी सही नाही का?"

"नाही," म्हटलं. पैसे मात्र वेळेवर आले.