फर्दापूरचा मुक्काम

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणारा रस्ता अजिंठ्याचा घाट उतरला की फर्दापूर लागते. कचनेर आणि वेरूळचे दर्शन आटोपून खानदेशात परतणारी यात्रेकरूंची कुटुंबेही याच वाटेने जातात. खाजगी वाहने येथील फाट्यावर ठेवून, पुढचे सुमारे 4 किलोमीटर ठरावीक बसने लेण्यांपर्यंत जायचे, एवढाच बहुतेकांचा फर्दापूरशी संबंध. चहा घ्यावा, बसची वेळ विचारावी आणि निघावे! गावात मोगलकालीन सराई आहे. तिच्याकडेही क्वचितच कोणी वळते.

वास्तविक या गावाजवळ 1909 ते 1911 च्या दरम्यान हिवाळ्यांत एक तंबूंचा तळ पडला होता, आणि निवृत्तीनंतर हातातील वेळेचे काय करावे, या विवंचनेत असलेल्यांनी तो अवश्य आठवावा. अनेकजण वसाहतीच्या बागेत सकाळी पाणी घालतात, वाळलेली पाने वेचतात. या तळावरील मंडळीही एका बागेचीच निगा राखण्यास आली होती, मात्र ती बाग भिंतींवर व छतांवर होती. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतावरील कमळे, वेली, फळे आणि पक्षी ज्यांनी मान वर करून पाहिले असतील, त्यांना हा शब्द अतिशयोक्त वाटणार नाही.

तळाच्या प्रमुख होत्या लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम. त्यांचा जन्म 1852 चा; म्हणजे वय सत्तावन-अठ्ठावन्न, आपल्याकडे नोकरदार निवृत्त होतात तेच. प्राचीन चित्रतंत्राचा त्यांचा अभ्यास होता. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी 1899 मध्ये प्रसिद्ध केला होता. कोणाची नोकरी नाही, कोणाचा हुकूम नाही, तरी त्या निजामाच्या राज्यातील या आडबाजूच्या गावी आल्या. सोबत कलकत्त्याचे नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, म्हैसूरचे के. वेंकटप्पा, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद व फजलुद्दीन असे तरुण. आजीच्या वयाच्या बाईंबरोबर ही मुले वाघूर नदीकाठच्या त्या अंधाऱ्या दालनांत, वटवाघळांच्या सहवासात, एकेक रेषा उतरवून घेत होती.

घाई अकारण नव्हती. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून तेच काम नव्याने केले. त्यांपैकीही अनेक चित्रे 1885 मध्ये लंडनमध्येच जळाली. दोनदा हिशेब शून्यावर आला, आणि इकडे मूळ रंग भिंतींवरून पोपडे धरून गळतच होते. तिसऱ्यांदा कागद पसरायला जे धैर्य लागते, ते पगारी माणसाकडे असतेच असे नाही.

या श्रमाचे पुस्तक 1915 मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केले. परंतु हेरिंगहॅम यांना त्याचा आनंद कितपत घेता आला, हा प्रश्नच आहे. 1911 मध्ये मायदेशी परतल्यानंतर त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले, आणि 1929 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे उरलेले आयुष्य उपचारगृहांतच गेले. तळावरील तरुण मात्र पुढे वाढले. नंदलाल बोस शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले आणि भारतीय राज्यघटनेच्या मूळ प्रतीची सजावट त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. सय्यद अहमद अजिंठ्याच्या लेण्यांचे क्युरेटर झाले; ज्या चित्रांपुढे विद्यार्थी म्हणून बसले, त्यांची देखभाल त्यांच्याकडे आली.

फाट्यावर बसची रांग मोठी असेल, तर कंटाळून परतू नये. बस दर थोड्या वेळाने सुटते. दुसऱ्या लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे स्वस्थ उभे राहावे, फ्लॅश वापरू नये, आणि मग छताकडे पाहावे.